कवळीवाल्यांच्या गप्प जागा

कवळीवाल्यांना मी फारसं ओळखत नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. ते आमच्या डोक्यावर राहायचे. खालच्या मजल्यावरच्या माणसाला वरच्याबद्दल जेवढं कळतं तेवढंच मला कळलं. खुर्ची कधी सरकली, नळ कुणी उघडा ठेवला, आज चपला घातल्यात की अनवाणी चाललेत, इतपत. त्यांचं लहानपण कुठे गेलं, मतं काय होती, कशाची भीती वाटायची, यातलं मला काही ठाऊक नाही. पावलं मात्र शंभर माणसांत ओळखली असती. आमची ही म्हणते, मग तुम्हीच लिहा, बाकीच्यांना तर पावलंही माहीत नाहीत. म्हणून लिहितोय. चुकलं तर तिचं.

ते कवळ्या बनवायचे. दातांचा डॉक्टर माप घ्यायचा आणि ते माप यांच्याकडे यायचं. मग घराच्या मागच्या खोलीत प्लास्टरचा जबडा ओतायचा, त्यावर मेण लावायचं, मेणात एकेक दात बसवायचा, गुलाबी हिरडी चढवायची आणि शेवटी फिरत्या चाकावर घासून चकचकीत करायची, असा तो उद्योग. चाक सुरू झालं की आमच्या छतातून बारीक गुणगुण यायची. ओतलेले जबडे ते टाकून देत नसत. कुणाची कवळी मोडली तर जबडा हाताशी असावा म्हणून भिंतभर फळ्यांवर ते मांडून ठेवलेले. आमच्या भागातला म्हातारा माणूस त्या खोलीत गेला की आधी स्वतःचा जबडा शोधायचा. माझा खिडकीजवळ होता, ऊन लागायचं त्याला.

त्या जबड्यांसमोर उभं राहून ते क्लॅरिनेट वाजवायचे. एवढे श्रोते, आणि सगळे आ वासून बसलेले. असं भाग्य मोठमोठ्या कलावंतांना मिळत नाही, असं मी एकदा म्हणालो होतो. ते नुसते हसले. त्यांचं बोलणं एवढंच. माणसाशी बोलताना ते डोळ्यांत बघत नसत, तोंडात बघत. त्यामुळे नवखा माणूस गोंधळून तोंड मिटून घ्यायचा आणि संभाषण तिथेच संपायचं.

गावात एक हौशी बँड होता. अग्निशमन केंद्राच्या गाडीखान्यात, बंबाच्या शेजारी, त्यांची तालीम चालायची. कवळीवाले त्यात दुसरी क्लॅरिनेट वाजवत. पहिली आणि दुसरी यातला फरक मला आधी माहीत नव्हता. पहिलीवाला गाण्याची चाल वाजवतो. लोक घरी जाताना जी गुणगुणतात ती त्याची. दुसरीवाला तिच्या पाठीमागे "हं, हं, मग" करत राहतो आणि मध्ये मध्ये चक्क गप्प बसतो. वाद्य तोंडातून काढून मांडीवर घ्यायचं, मनात मोजत राहायचं, मान हलवत राहायची आणि आपली वेळ आली की पुन्हा "हं, हं." कवळीवाल्यांनी सगळी हयात हेच केलं. चाल अशी त्यांच्या वाट्याला कधी आलीच नाही.

घरी सरावही दुसरीचाच. त्यामुळे खाली आम्हाला ऐकू यायचं ते असं: टूं टूं. मग शांतता. टूं टूं टूं. मग पुन्हा शांतता. आणि त्या शांततेत वहिनी.

वहिनी म्हणजे त्यांची बायको. नवरा जितका मुका तितकी बायको बोलकी. त्यांच्या आवाजाला भिंत, जमीन, दार काही अडवत नसे. नवऱ्याच्या सरावात रिकामी जागा नेमकी कुठे येते ते त्यांना पाठ झालं होतं, आणि त्या बरोबर तिथे बोलायच्या.

"साबण संपलाय!"

टूं टूं.

"सांगून आठवडा झाला!"

टूं टूं टूं.

"नुसतं फुंकून साबण येणार आहे का घरात?"

टूं.

आणि या सगळ्यात ताल एकदाही चुकायचा नाही. आमची ही पीठ मळता मळता म्हणायची, "बँड यांचा नव्हे हो, वहिनींचा आहे. हे नुसती साथ करतात."

मग वहिनी आजारी पडल्या आणि बघता बघता गेल्या.

त्या दिवशी जे घडलं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. वहिनींची धाकटी बहीण आली होती. तिला सगळे धाकटीच म्हणत, वय साठीच्या पुढे गेलं तरी. वहिनींचीच प्रत. तीच उंची, तोच आवाज, तेच कमरेवर हात ठेवणं. आल्या आल्या तिने मेहुण्यांचे दोन्ही हात धरले आणि मोठ्याने हंबरडा फोडला. "माझी ताई गेली हो! तुम्हाला एकट्याला टाकून गेली!" घरातली सगळी माणसं रडायला लागली. मीसुद्धा. कवळीवाले मात्र कोरड्या डोळ्यांनी तिच्या तोंडाकडे बघत उभे. आणि ती श्वास घ्यायला थांबली तेवढ्यात हळूच म्हणाले, "खालची सैल झालीय. उद्या आणून द्या, बसवून देतो."

रडणारी सगळी माणसं, मीसुद्धा, त्यांच्याकडे बघायला लागलो.

आता मला कळतं त्या माणसाचं काय झालं असेल ते. समोर बायकोसारखी बाई बायकोच्या आवाजात रडतेय, आणि करता येण्याजोगी एकच गोष्ट त्यांना दिसली. तीच ते बोलून गेले. पण धाकटीने त्यांचे हात सोडले. "ताई गेली आणि तुम्हाला माझे दात दिसले?" एवढंच म्हणाली आणि निघून गेली. त्यानंतर तिने त्यांच्याशी बोलणं टाकलं. कवळी दुरुस्त करायलाही आणली नाही. सैल कवळी घेऊन बोलत राहिली, "स"च्या जागी शिट्टी वाजायची, पण मानी बाई. बाजारात जो भेटेल त्याला सांगायची, "दगड आहे तो माणूस. डोळ्याला टिपूस नाही."

यातलं टिपूस नसण्याचं खरं होतं. कवळीवाले रडले नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. वर नुसतं चाक फिरायचं. क्लॅरिनेट बंद. एकदा जिन्यात मी मोठ्या हिमतीने विचारलं, "बरं आहे ना?"

"बरं आहे," ते म्हणाले. मग माझ्या तोंडात बघून, "तुम्हाला चावताना टोचत नाही ना?"

"नाही."

"मग ठीक."

हिला सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली. "बायको गेलेल्या माणसाला तुम्ही बरं आहे ना विचारता, तो तुम्हाला दात विचारतो, आणि दोघं आपापल्या घरी जाता. पुरुषांच्या जातीला तोंड दिलंय कशाला?"

असे बरेच महिने गेले. मग एका दुपारी वरून आवाज आला. टूं टूं. आम्ही दोघं छताकडे बघत बसलो. हे काही बँडचं नव्हतं, बँडची सगळी गाणी आम्हाला तोंडपाठ होती. हे नवीन होतं. हळू चालणारं, थोडं वळण घेणारं, आणि मग थांबणारं. थांबून राहणारं. मग पुन्हा काहीतरी छोटंसं, उत्तर दिल्यासारखं. पुन्हा थांबणारं.

ही भाजी चिरत होती. तिची सुरी थांबली. "ऐका," ती म्हणाली. "इथे वहिनी बोलायच्या."

आणि खरंच. त्या थांबण्यात आम्हाला साबण ऐकू आला.

त्यानंतर काही दिवसांनी दारावर टकटक झाली. दारात कवळीवाले. इतकी वर्षं वर राहिले, पण आमच्या घरात बसायला म्हणून कधी आले नव्हते. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले आणि जमिनीला सांगावं तसं म्हणाले, "मी एक गत बसवलीय. एकट्याने वाजवायची. आमच्या हिच्यासाठी."

"आम्ही ऐकतोय की रोज," ही म्हणाली.

ते दचकले. खाली ऐकू येतं हे त्यांना इतक्या वर्षांत सुचलंच नव्हतं. मग बँडमास्तरांचं प्रकरण बाहेर आलं. बँडचा वार्षिक कार्यक्रम वाचनालयाच्या सभागृहात व्हायचा होता. कवळीवाल्यांनी मास्तरांना गत ऐकवली, मास्तर खूश झाले, कार्यक्रमात घालतो म्हणाले. फक्त एक अट.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मध्ये मध्ये एवढं थांबलात तर लोकांना वाटेल वीज गेली. तिथे ढोल घालू."

"आणि तुम्ही?"

"मी बरं म्हणालो."

"बरं म्हणालात?" हिने कपाळावर हात मारला. "वहिनींच्या जागेवर ढोल?"

हे ऐकून ते खुर्चीत आणखी आकसले. मग हळूच म्हणाले, "मला रडता आलं नाही. लोक म्हणतात ते खरं आहे. काही बोलताही आलं नाही. एवढंच जमलं. ते तरी आहे तसं वाजवायला मिळावं." इतकं लांब बोलणं मी त्यांच्याकडून त्याआधी ऐकलं नव्हतं.

"मग सांगा ना मास्तरांना, नको म्हणून."

"मला नको म्हणता येत नाही," ते म्हणाले. "आमच्या घरात नको म्हणायचं काम तिच्याकडे होतं."

हे मात्र खरं होतं. फेरीवाले, वर्गणीवाले, उसने मागणारे, सगळ्यांना दारातूनच वहिनींचा "नको" मिळायचा, तोही आम्हाला ऐकू येईल असा. ही उठली, पदर खोचला आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. "म्हणा. नको."

"नको."

"हे तर चालेलसारखं वाटलं. पुन्हा."

"नको."

"आता तुम्ही माझी माफी मागताय. यांच्याकडे बघा. हे बँडमास्तर आहेत असं समजा."

ते माझ्याकडे, म्हणजे माझ्या तोंडात बघत म्हणाले, "नको." मी नकळत, "बरं, राहू द्या," म्हणून गेलो. ही वैतागली. "तुम्ही मास्तर आहात ना? लगेच कसे मान्य करता? अडून बसा जरा." अडून बसणं मला जमत नाही, त्यांना नको म्हणणं जमत नाही. अशा दोन विद्यार्थ्यांना शिकवता शिकवता तिला घाम फुटला. शेवटी कवळीवाल्यांचा नको बऱ्यापैकी खणखणीत झाला, आणि तो थंड व्हायच्या आत आम्ही दोघं मास्तरांकडे निघालो. मला सोबत धाडलं, पण तोंड उघडायचं नाही अशी ताकीद देऊन.

वाटेत कवळीवाले ओठ न हलवता घोकत होते. मास्तरांनी दार उघडलं. गोल, हसरा, गडबड्या माणूस. "अरे वा, या या! चहा टाकू?"

"नको!" कवळीवाले गरजले.

मास्तर एक पाऊल मागे सरले. सगळा नको चहावर खर्च झाला होता. आम्ही बसलो. मास्तरांनी पंखा लावला, हवापाण्याचं बोलले, ढोलवाला किती तयारी करतोय ते कौतुकाने सांगितलं. कवळीवाले घाम पुसत मान हलवत राहिले, जशी ते दुसऱ्याची चाल ऐकताना हलवत. मला वाटलं, झालं, ढोल वाजणार.

"मग तेवढ्या जागा ढोल भरून काढील," मास्तर म्हणाले. "तशाही रिकाम्याच आहेत."

कवळीवाल्यांची मान थांबली.

"रिकाम्या नाहीत," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"तिथे ती बोलते."

मास्तरांनाही वहिनी माहीत होत्या. तालमीला नवरा उशिरापर्यंत थांबला की गाडीखान्याच्या दाराशी येऊन सगळ्या बँडवर आवाज चढवणाऱ्या वहिनी त्या बँडमध्ये कुणाला माहीत नव्हत्या? मास्तरांनी उठून उगाचच पंखा बंद केला, पुन्हा लावला. "राहू दे ढोल," ते म्हणाले. "पण लोक टाळ्या वाजवतील मध्येच. तुम्हाला आधीच सांगून ठेवतो."

परत येताना कवळीवाले इतके थकले होते की जिन्याचा कठडा धरून चढले.

इकडे हिने दुसरीच मोहीम काढली होती. धाकटीकडे जाऊन आली. तिथलं बोलणं हिने मला जसंच्या तसं करून दाखवलं.

"मी का येऊ? त्याची पिपाणी ऐकायला?"

"तुमच्या ताईसाठी बसवलंय त्यांनी."

"ताई होती तेव्हा साबण आणला नाही वेळेवर. आता गाणी बसवतोय?"

"या तर खरं. नाही पटलं तर उठून जा."

हे मात्र धाकटीला पटलं. कार्यक्रमाच्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी येऊन थेट पहिल्या रांगेत मधोमध बसली. मागून उठून गेलं तर कुणाला दिसत नाही, असा तिचा हिशोब असावा. आम्ही तिच्या शेजारी. तिने माझ्याकडे बघून नाक मुरडलं. मी खालच्या मजल्याचा, म्हणजे त्यांच्या पक्षाचा.

सभागृह भरलं होतं. बँडची नेहमीची गाणी झाली. मग मास्तरांनी सांगितलं, आता आमचे दुसरे क्लॅरिनेटवाले एकटे वाजवतील. मंचावर एक खुर्ची उरली. कवळीवाले कोट घालून आले. बसले. वाद्याच्या तोंडाची पत्ती जिभेने ओली केली. वेताची ती पातळ पत्ती ते दातांच्या कानशीने घासून स्वतः तयार करत. मग समोर बघितलं. अर्ध्या सभागृहाच्या तोंडात त्यांनीच केलेले दात होते, त्यामुळे त्यांना थोडं घरच्यासारखं वाटलं असावं. खांदे जरा खाली आले. वाजवायला लागले.

सुरुवातीचं वळण झालं आणि ते थांबले. वाद्य मांडीवर घेतलं, मान हलवू लागले.

टाळ्या. कडकडून.

कवळीवाले गोंधळले. टाळ्या थांबेपर्यंत थांबले आणि मग, मोजणं बिघडल्यामुळे, गप्प जागा पहिल्यापासून सुरू केली. लोकांना वाटलं विसरले. कुणीतरी सहानुभूतीने पुन्हा टाळ्या वाजवल्या. त्यांनी पुढचं वाजवलं, थांबले. आता टाळ्या तुरळक. मागे कुजबुज. "पत्ती गेली का?" "वय झालं हो." पुढच्या थांब्याला पडदेवाल्याला वाटलं, झालं एकदाचं. त्याने दोरी ओढली. पडदा दोन्ही बाजूंनी सरकत कवळीवाल्यांच्या गुडघ्यापर्यंत आला. आतून मास्तरांचं "अरे ए!" ऐकू आलं आणि पडदा आला तसा झटके खात मागे गेला. कवळीवाले जागचे हलले नाहीत. डोळे मिटून मान हलवत होते.

मी मात्र खुर्चीत वितळत होतो. ही माझं मनगट दाबून धरून बसली होती. त्या माणसाला आयुष्यात जे एकच सांगायचं होतं ते तो सांगत होता, आणि सभागृहाला वाटत होतं याचं काहीतरी बिघडलंय.

मग सगळ्यात लांब जागा आली. आता टाळी वाजवायची कुणाची छाती नव्हती. खोकलाही नाही. कवळीवाले थांबलेत, आम्ही थांबलोय, पडदेवाला दोरी धरून थांबलाय. इतकी शांतता की छतावरच्या पंख्याचं कुरकुरणं ऐकू यायला लागलं. धाकटी चुळबुळत होती. पर्स उघड, मिट. मला वाटलं आता उठून जाणार. ती उठलीच. एका हाताने जबडा धरला, दुसरा कमरेवर ठेवला.

"अहो, थांबलात काय? वाजवा की! माणसं बसलीयेत ना इथे!"

वहिनी. शब्दन्‌शब्द वहिनी.

कवळीवाल्यांनी डोळे उघडले. वाद्य तोंडाला लावलं आणि गतीतला पुढचा तुकडा वाजवला. तो मी छतातून कितीतरी वेळा ऐकला होता. छोटासा, पडता, हो हो वाजवतो ना, असं म्हणणारा. बरोबर धाकटीच्या वाक्यावर बसला. जणू तिच्यासाठीच लिहिला होता. आणि लिहिला तसाच होता म्हणा.

सभागृहात हसू फुटलं. पुढची जागा आली तर सगळे धाकटीकडे बघायला लागले.

"माझ्याकडे काय बघताय?" ती म्हणाली.

टूं टूं.

लोक खो खो हसले. धाकटी मात्र हसली नाही. ती उभीच राहिली आणि तिचा कमरेवरचा हात हळूहळू खाली आला. तिला कळलं होतं. कितीतरी दुपारी तीही त्या स्वयंपाकघरात बहिणीशेजारी बसलेली होती. पुढच्या जागेत ती बोलली, पण हळू, जबडा धरून, शिट्टी वाजू न देता.

"ताई असती तर म्हणाली असती, बरं वाजवताय."

आता त्यांची पाळी होती. त्यांनी वाद्य तोंडाला लावलं, आणि क्लॅरिनेटमधून जे निघालं त्याला सूर म्हणता येणार नाही. बदकाच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज. रडताना ओठ वाकतात, आणि वाकलेल्या ओठांत पत्ती राहत नाही, असं मास्तरांनी मला नंतर समजावलं. त्यांनी पुन्हा फुंकलं, पुन्हा तसाच चिरका आवाज. गालांवरून पाणी वाहत होतं, कोटावर सांडत होतं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, कारण दोन्ही हात छिद्रांवर. लोक आधी हसत होते, मग अर्धवट हसत होते, मग नाक ओढायचे आवाज यायला लागले. आणि कवळीवाले, सगळं गळत असताना, नेटाने फुंकत राहिले. मध्येच सूर सापडे, मध्येच बदक. पण थांबले नाहीत. जागा आली तेवढ्यापुरतेच थांबले, त्यात धाकटीने एकदा पदराने मोठ्याने नाक शिंकरलं आणि त्यालाही उत्तर मिळालं.

मग एक अगदी बारीक सूर आला, संपत संपत गेला, आणि त्यांनी वाद्य मांडीवर ठेवलं.

कुणी टाळी वाजवली नाही. सगळे शहाणे झाले होते. ही जागा आहे, आता पुन्हा वाजवतील, असं धरून अख्खं सभागृह श्वास रोखून बसलं. कवळीवाले लोकांकडे बघतायत, लोक कवळीवाल्यांकडे. पडदेवाला घाबरून दोरीपासून लांब उभा. असं किती वेळ चाललं असतं कुणास ठाऊक. शेवटी त्यांनी घसा खाकरला.

"झालं," ते म्हणाले.

तेव्हा टाळ्या झाल्या. त्यांचं वर्णन करायला जात नाही, मला जमणार नाही.

मंचामागे धाकटी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. दोघांचेही डोळे लाल. आता काहीतरी मोठं बोलतील म्हणून आम्ही सगळे कान टवकारून.

"उद्या येते," ती म्हणाली. "सैल आहेच खालची."

"आजच या," ते म्हणाले. "चाक चालू करायला कितीसा वेळ लागतो."

पुढे ती दर आठवड्याला यायला लागली. वरून पुन्हा आवाज यायला लागला. टूं टूं, आणि मध्ये धाकटीचं बोलणं, आता शिट्टीशिवाय. ती बहिणीइतकी तालात नव्हती. त्यांच्या वाजवण्यातच बोलायची आणि गप्प जागेत गप्प बसायची. कवळीवाले तक्रार करत नसत. ती गत त्यांनी बँडबरोबर पुन्हाही वाजवली, आणि मास्तर दरवेळी आधी सांगत की श्रोत्यांनी मध्ये बोललं तर चालेल, टाळ्या नकोत. धाकटीने मंचावर खुर्ची मागितली होती म्हणे. ती काही मिळाली नाही. त्यावरून मास्तरांचं आणि तिचं वाजलं ते वाजलंच.

नंतर नंतर गतीतल्या जागा तोकड्या होत गेल्या. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "आता तेवढं थांबवत नाही." एकदा तर मला वरून त्यांचं हसणं ऐकू आलं. आधी मला वाटलं खुर्ची सरकली. हसण्याचा आवाज ओळखीचा नव्हता ना.

पुढे एका सकाळी ते झोपेतच गेले. धाकटीने खाली येऊन आम्हाला सांगितलं. फार रडली, आणि या वेळी तिला कुणी मध्ये थांबवलं नाही.

त्याच्या आदल्या दिवशी ते मला जिन्यात भेटले होते. हातात कापडी पिशवी, पायांत चपला.

"निघालात?" मी म्हणालो.

"हो, जरा भाजी आणतो. धाकटी जेवायला यायचीय संध्याकाळी."

"बरं."

"तुम्हाला काही आणू?"

"नाही, काही नको. बटाटे चांगले दिसले तर आणा थोडे."

"किती?"

"आणा अर्धा किलो."

"बरं," ते म्हणाले आणि उतरले.